गौरीशेजारची डबी

ये बाई, अशी जवळ ये. कागदावरच का होईना, पण ये, कारण खरोखरीची यायला तुला दोन वर्षं सवड झालेली नाही. पुण्याहून झाशीला गाड्या येत नाहीत का? चांगल्या येतात. परवा सीपरी बाजारात एक लष्करातलं जोडपं भेटलं, बबीन्याला बदली झालेलं. ते आठ दिवसांत पुण्याला आईला भेटून परतसुद्धा आलं. तूच तेवढी कामाची. फोनवर माझं नुसतं कपाळ दिसतं म्हणून हसतेस. त्या कपाळामागे आजी काय दाबून बसली आहे, ते एकदा तरी विचारायचंस.

झालं माझं रागावून. आता तुझी पाळी येणार आहे, आणि तुझा राग माझ्यासारखा लटका नसेल.

फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं. एकदा तुझी आई मध्ये आली. एकदा तुला बैठकीला जायचं होतं. आणि एकदा मीच कैरीच्या भावाची गोष्ट काढून विषय बदलला. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा आठवीपर्यंतची, पुढचं सगळं वाचून-वाचून जमवलेलं, आणि मराठीत अर्धी हिंदी शिरलेली. तू म्हणतेस, आजी तुझं बोलणं म्हणजे खिचडी. असू दे. खिचडी पचायला बरी असते, आणि हे प्रकरण पचायला जड आहे.

परवाच्या साली तू आलीस, तेव्हा फाल्गुन सरत आला होता. आमच्या लहानपणी फाल्गुनात सकाळी अंगावर पातळ शाल लागायची. त्या वर्षी होळीच्या आधीच मी पंखा लावला होता. तू पिशवीतून एक डबी काढलीस. माझ्या कुंकवाच्या करंड्याएवढी, पांढरी, वर इवलीशी काच आणि काचेत आकडा.

"आजी, ही खोलीतला उकाडा मोजते आणि आपल्या पोटात लिहून ठेवते."

"मोजायचं काय त्यात? मला विचार. मी सांगते, फार आहे."

तू हसलीस आणि मला जिन्याने वर घेऊन गेलीस. ओरछा गेटच्या आतली आपली गल्ली वरून सगळी दिसते. तुला माहीत आहे, पण हे आणखी कुणी वाचलं तर म्हणून सांगते. तोंडाशी आपलं घर, दुमजली, जाड भिंतींचं, खाली अंगण आणि त्यात कडुनिंब. आपल्यापुढे सगळ्या पाटौरी. पाटौर म्हणजे बुटकी खोली, तिच्यावर छत म्हणून दगडाच्या लांब फरश्या टाकलेल्या. त्या फरश्यांना इथे पटिया म्हणतात. दुपारी पटियांवर अनवाणी पाय ठेवून बघ, दुसरा पाय ठेवायची हिंमत होणार नाही. अगदी शेवटची पाटौर प्रेसवालीची. साऱ्या मोहल्ल्याचे कपडे ती कोळशाच्या इस्त्रीने करते, त्याच खोलीत. वर तापलेला दगड, समोर निखारे, मध्ये ती.

तू तिच्याकडे बोट केलंस. "मला डबी तिथं लावायची आहे."

मी विचारलं, का?

"पेपरात शहराचं तापमान येतं ना, ते मोकळ्या मैदानात, पांढऱ्या जाळीच्या पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. तसंच मोजायला हवं, नाहीतर यंदाची आणि तुझ्या लहानपणची तुलना कशी करणार? त्या पेट्यांमुळेच तर कळलं की उन्हाळे चढत चालले आहेत. पण त्या पेटीत कुणी राहत नाही ना, आजी. माणसं राहतात त्या खोल्यांत किती होतं, ते कुणालाच नीट माहीत नाही."

मग तू सांगितलंस की या डब्यांचे आकडे शहराच्या उन्हाळी आराखड्यात जाणार. जिथं जास्त तापतं तिथली छतं आधी पांढऱ्या रंगाने रंगवायची, म्हणजे ऊन परत फेकलं जाईल. तिथं पाण्याची सोय करायची, दुपारी टेकायला गार खोली करायची. सगळ्या शहराला एकदम पुरणार नाही. आधी कुणाला, ते डब्या ठरवणार.

"म्हणजे ही डबी पंच आहे म्हण की."

"साक्षीदार म्हण. म्हणून तिला खरं बोलू द्यायचं."

साक्षीदार. तो शब्द मी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

एका गल्लीला एकच डबी होती तुझ्याकडे. आणि मी हट्ट धरला. माझी नात एवढ्या लांबून आली, आणि तिचं यंत्र परक्याच्या घरी? लोक काय म्हणतील, सख्ख्या आजीवर भरवसा नाही? तू दोनदा नाही म्हणालीस. मी जेवायला बसताना तोंड फिरवून बसले. शेवटी तू म्हणालीस, बरं, आपल्या वरच्या खोलीचं छतही पटियांचंच आहे, तिथं लावू. खिळा तूच ठोकलास. आणि मला बजावलंस: हलवायची नाही, ओलं काही जवळ नको, कूलर नको. जिन्यात वळून आणखी एक म्हणालीस, "आणि आजी, हिची पूजाबिजा करू नकोस."

आपण दोघी किती हसलो होतो.

तू गेलीस, आणि तिसऱ्या दिवशी चैत्रगौर बसली. आपल्या घरात ती कधी चुकलेली नाही. देवाऱ्यातली अन्नपूर्णा चैत्राच्या तीजेला झोपाळ्यात बसते, ती अक्षय्यतृतीयेपर्यंत. माहेरी आलेली लेक ती. तिला महिनाभर गारवा द्यायचा, एवढाच तिचा पाहुणचार. मोगरा, कलिंगड, भिजवलेले हरभरे, आंबेडाळ, पन्हं. झोपाळा मी नेहमी घडवंचीजवळ मांडते. पाण्याचे माठ ठेवायच्या त्या लाकडी मांडणीला बाहेर सगळे घिनौची म्हणतात, आपल्या घरात अजून घडवंचीच. घरातली सगळ्यात गार जागा. कडुनिंबाची सावली, तीन माठ पाझरताहेत, समोर वाळ्याचा पडदा, त्यावर मी दिवसातून तीनदा पाणी मारते.

गौर बसवली, आरती केली, आणि तुझी डबी आठवली. वर एकटी. तापलेल्या खोलीत, खिळ्याला लटकलेली. मनात आलं, हीही लेकीच्या लेकीकडून आलेली. एका माहेरवाशिणीला वाळ्याचा पडदा आणि दुसरीला पटियांखाली उकडत ठेवायचं? वर गेले, डबी उतरवली, पदराने पुसली आणि झोपाळ्याच्या बाजूच्या खुंटीला अडकवली. कुंकू नाही लावलं, एवढं मात्र तुझं ऐकलं. काचेतला आकडा बघता-बघता खाली उतरला. मला वाटलं, तिलाही बरं वाटलं असेल.

थांब. हे तुला गोड वाटेल आणि तू म्हणशील, आमची भोळी आजी. म्हणून इथेच थांबू नकोस. मी हे असंच सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या कागदावर असंच लिहिलं होतं, आणि तो कागद चुलीत घातला.

आदल्या संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला होता. दर आठवड्याचंच: आई, आता पुण्याला चल, त्या भट्टीत एकटी कशाला राहतेस. मी नेहमीसारखी म्हणाले, भट्टी कसली, घर आहे, मला काही होत नाही. त्यावर ती हसून म्हणाली, "तू नको कबूल करूस. आता तुझ्या नातीचं यंत्रच सांगेल आम्हाला."

ती थट्टेत बोलली. पण मला ती थट्टा वाटली नाही. त्याच दुपारी मी वरचा आकडा बघून आले होते, आणि उतरताना कठडा धरून मधल्या पायरीवर बसावं लागलं होतं. हा आकडा तुम्ही पुण्यात बघणार. माझ्यासमोर धरणार. मग मला काय बोलता येणार? साठ वर्षं ज्या दाराशी मी रांगोळी घातली, ते दार एका करंड्याएवढ्या डबीच्या सांगण्यावरून बंद होणार.

गौरीचं निमित्त खरं होतं. पण वर जाताना माझे पाय ज्या घाईने चालले, ती घाई गौरीची नव्हती.

दर रविवारी तू विचारायचीस, "आजी, डबी हलवली नाहीस ना?" आणि मी म्हणायची, "नाही गं." चारही वेळा. पाचव्यांदा तू विचारलंच नाहीस. भरवसा बसला तुझा.

अक्षय्यतृतीयेच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या आल्या. त्यांच्यात हळदीकुंकू नसतं, पण माझ्या, म्हणजे त्यांच्या काकीच्या, घरच्या पन्ह्याला कुणी चुकत नाही. प्रेसवाली इस्त्रीच्या कोळशावर पाणी शिंपडून तशीच आली होती, हातावर राख. खुंटीकडे बघून म्हणाली, "काए काकी, बिटिया की मसीन गौर के ढिंगा?" ढिंगा म्हणजे जवळ.

मी म्हटलं, "अरे, गर्मी तो उसको भी लगती है."

सगळ्या खळखळून हसल्या. ती दोन पेले पन्हं प्यायली आणि माठांना पाठ टेकून, डोळे मिटून बसली. उठवेना तिला. "हओ काकी, चलत हैं," असं म्हणायची आणि पुन्हा टेकायची. तो गारवा तिच्या पाठीने मोजला होता. पण ते यंत्र तिच्या खोलीसाठी बोलणार आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी नाही सांगितलं.

चार दिवसांनी तुमच्या संस्थेतली एक मुलगी येऊन डबी घेऊन गेली. ती येणार त्या सकाळी मी डबी वरच्या खिळ्याला परत लावली होती. आता तूच सांग, भोळ्या बाईला हे सुचतं?

तू शहाणी आहेस, तुला खटकलं. फोन आला तुझा. "आजी, पहिले तीन दिवस आकडे खूप वर आहेत आणि मग एकदम खाली आलेत. तेव्हा काय झालं होतं?"

तिथे मला सांगता आलं असतं. दार उघडून दिलं होतंस तू. मी काय म्हणाले? "पहिले तीन दिवस वरची खोली बंद होती गं. मग मी सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायला लागले. मस्त वारा येतो."

आणि तुझा आवाज असा फुलला! "म्हणजे पटियांची घरं हवा खेळती ठेवली तर गार राहतात! हे फार महत्त्वाचं आहे, आजी. जुन्या लोकांना कळत होतं."

आणि मी, जुनी माणूस, म्हणाले, "आम्हाला कळतंच की."

ती शाबासकी मी घेतली. तुला बैठकीत बोलायला मिळालं, तू ते तुझ्या अहवालात लिहिलंस, आईने मला वाचून दाखवलं. माझ्या माठांचा गारवा सगळ्या पाटौरींच्या नावावर लागला.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, होळीनंतर मागच्या गल्लीत शिड्या लागल्या. माणसं छतावर चढून पांढरा रंग लावत होती. आपल्या गल्लीच्या बायका बघायला गेल्या. त्यांच्याबरोबर मीही गेले. हातात यादी असलेल्या माणसाला प्रेसवालीने विचारलं, "भैया, हमाई गली में कब आओगे?"

त्याने यादी वरून खाली पाहिली. "आपकी गली इसमें नहीं है. आपकी गली तो ठंडी निकली."

सगळ्यांना आधी गंमतच वाटली. भाजीवाला तर त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी ओरडायला लागला, "आ गई भई, शिमला वाली गली!" मीही हसले. हसताना ओठ कसे कोरडे पडतात ते त्या दिवशी कळलं.

मग घरोघर एक रंगीत कागद वाटला. उन्हाळ्यात काय करावं, काय करू नये. त्यात दगडी छताच्या घराचं चित्र आणि मोठी उघडी खिडकी. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघड्या ठेवा, घर गार राहील. प्रेसवाली तो कागद घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आली. मी वाचला. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "सो तो ठीक है काकी, पै खिड़की कितै है?"

तिच्या खोलीला खिडकी नाही. एक दार, त्यातच इस्त्रीचं टेबल. आपल्या वरच्या खोलीला दोन आहेत, आणि त्या दोन्ही मी त्या महिन्यात एकदाही उघडल्या नव्हत्या.

मी तिला म्हणाले, दुपारी आमच्या अंगणात येऊन बसत जा. ती यायची, तासभर टेकायची आणि जाताना हात जोडायची. काकी, तुमाओ बड़ो सहारा है. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी मी तिच्या पेल्यात आणखी पन्हं ओतायची.

ज्येष्ठात नौतपा लागला. वर्षातले सगळ्यात कडक नऊ दिवस. लग्नसराई होती, कपड्यांचे ढीग पडले होते, आणि त्या आठवड्यात ती अंगणात आलीच नाही. मी म्हटलं, काम असेल. पाचव्या दुपारी तिच्या मुलीची किंकाळी आली. मी अनवाणीच धावले. दारात इस्त्री आडवी, एका साडीला मोठं तपकिरी भोक, आणि ती भिंतीशी पडलेली. अंग तापलेल्या पटियासारखं, आणि घामाचा एक थेंब नाही. काहीतरी बडबडत होती, मुलीलासुद्धा ओळखत नव्हती. आम्ही पाणी ओतलं, पदर भिजवून काखेत ठेवले, आणि कसंबसं ऑटोत घातलं. ऑटो आपल्या दाराशी उभा होता, निघताना मी घरातला माठ उचलून घेतला. सगळ्या वाटेने तिच्या डोक्यावर ओतत होते. तोच माठ, डबीच्या खालचा.

वाचली ती. चार दिवस बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला धक्का बसला आहे, आता दुपारी निखाऱ्यापाशी उभं राहायचं नाही. दुपारचं काम गेलं म्हणजे निम्मं काम गेलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसले होते. तिला हळूहळू बोलता यायला लागलं होतं. छताकडे बघत ती म्हणाली, "मसीन तो झूठ नईं बोलत, काकी. गली तो ठंडी है. हमाई देह में ई कछू कमी हुइए."

समजलं तुला? यंत्र खोटं बोलत नाही. गल्ली गारच आहे. माझ्याच अंगात काहीतरी कमी असेल.

स्वतःच्या कातडीपेक्षा तिने तुझ्या यंत्रावर विश्वास ठेवला, गं. तुमच्या शास्त्राचा एवढा मान तिने ठेवला. आणि शास्त्राच्या तोंडात खोटं घालणारी बाई तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होती.

तरीही मी तिथे बोलले नाही. आजारी आहे, बरी होऊ दे, असं म्हटलं. मग पाऊस आला, गारवा आला, सगळ्यांना विसर पडला. मी स्वतःची समजूत घालत होते की लू सगळ्या शहराला लागली, रंगवलेल्या गल्लीतही कुणी पडलं असेल. असेलही. पण त्या गल्लीसाठी मी खोटं बोललेले नाही.

आता ऐक, आज का लिहिते ते. गेल्या आठवड्यात तुझा फोन होता. तू खुशीत होतीस. या वर्षीच्या आराखड्यासाठी नवी यादी होते आहे, थोड्या नव्या गल्ल्या घेणार आहेत. मी विचारलं, आपली गल्ली? तू म्हणालीस, "तिथं परत मोजायची गरज नाही, आजी. तिथला डेटा अगदी चांगला आहे."

फोन ठेवला आणि मी सरळ शेवटच्या पाटौरीत गेले. ती सकाळचे कपडे संपवत होती, आता सकाळीच उरकते. मी उभ्यानेच सांगितलं. हिंदीत सांगितलं, म्हणजे पळायला जागा नको. डबी तुझ्या खोलीत लागायची होती, ती मी हट्टाने माझ्याकडे ठेवली. मग गौरीजवळ नेली. मला पुण्याला नेतील, म्हणून नेली. आणि बिटियाशी खोटं बोलले. म्हणून तुमची छतं राहिली.

तिने इस्त्री उभी करून ठेवली. एक सदरा घडी केला, दुसरा केला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या सदऱ्याची कॉलर नीट बसवत ती म्हणाली, "सो काकी, हमें सोई बिठा लेतीं अपनी गौर के ढिंगा."

मग काकी, मलाही बसवायचं होतं तुमच्या गौरीजवळ. एवढंच. आवाज चढला नाही, डोळे वर झाले नाहीत.

मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "हमें बता कें का हुइए? बिटिया खों बताओ." मला सांगून काय होणार, नातीला सांगा. आणि मग नेहमीच्या सुरात, "तुमाई धोती परों मिल जैहे." माझं लुगडं परवा मिळेल म्हणाली. मी दारातून वळेपर्यंत तिने इस्त्री पुन्हा धरली होती. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणात येत नाही. ऊन अजून तेवढं नाही, म्हणून असेल. असं मी म्हणते.

तर बिटियाला सांगते आहे. माझा तो महिना तुझ्या कागदांतून काढून टाक. पहिले तीन दिवस, जे तू बंद खोलीचे म्हणून सोडून दिलेस, तेवढेच खरे होते. जुन्या लोकांना कळत होतं, हे वाक्यही खोड. कळत होतं तेवढं मी सांगितलं नाही. तुझ्या वरच्या लोकांपुढे तुला मान खाली घालावी लागेल, हे मला समजतं. त्यांना सरळ सांग, आजीने केलं. हा कागद दाखव. माझं अक्षर वाईट आहे, पण सही नीट करते.

आणि मला न्यायचं असेल तर त्यावरही बोलू. आईला म्हणावं, आता मी ऐकून घेईन. वरची खोली तापते, फार तापते, गेल्या वर्षी जिन्यात दोनदा बसले. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे, तेव्हा याचा लगेच उपयोग करू नका. आधी तिच्या छताचं बघू, मग माझ्या दाराचं.

महाशिवरात्र होऊन गेली. यादी चैत्राच्या आत पक्की होणार असं तूच म्हणालीस. नवी डबी घे, खिळा आणू नकोस, खिळे मी आणून ठेवलेत. मी तिला विचारलं आहे, तिच्या खोलीत लावली तर चालेल का. "हओ," म्हणाली, "पै बिटिया खुदई आ कें लगाए." तूच येऊन लावावीस. माझ्या हातात ती आता यंत्र देणार नाही, आणि बरोबर आहे तिचं.

या वर्षीही गौर घडवंचीजवळच बसेल. शेजारची खुंटी मी उपटून काढली आहे. भिंतीत भोक राहिलंय, ते तुला दाखवीन. आंबेडाळ तू आल्यावरच वाटेन, पण तुला घेऊन आधी गल्लीच्या शेवटी जायचं आहे, मग घरी. एकटीने पुन्हा त्या दारात उभं राहायला मला जमत नाही गं. मिळेल त्या गाडीने ये. लवकर ये.